ऑर्विलचा ट्रे

सुलेखामावशींच्या शेजारचा ऑर्विल डन हॉलिवूडमध्ये तीस वर्षं नट होता, आणि तीसही वर्षं त्याने ट्रेच वाहिला. कधी वेटर, कधी बटलर. आता वय त्र्याण्णव, पाठ मात्र ताठ. एका दुपारी त्याने मावशींना आपल्या जुन्या सिनेमांचे तुकडे दाखवले. चौथ्या तुकड्यालाच मावशींच्या लक्षात आलं, की हा ट्रे घेऊन आला रे आला की फोन वाजतो, गोळी सुटते, नाहीतर नायिका तणतणत निघून जाते. भरला पेला भरलेलाच परत.

"एकदाही कुणी प्यायलं नाही?"

"सत्त्याऐंशी सिनेमांत एकदाही नाही," तो हसत म्हणाला.

तो हसला खरा, पण मावशींच्या जिव्हारी लागलं. त्या नागपूरच्या; लेकीकडे अमेरिकेत, प्लेनोला राहायला आल्या तरी आलेला माणूस चहाशिवाय गेला तर त्यांना चैन पडत नाही. इथे तर एका माणसाचं अख्खं करिअर तसंच परत गेलं होतं.

तिथल्या मराठी मंडळाचं नाटक मावशीच बसवत होत्या. त्यात चहा आणणाऱ्या नोकराचं बिनसंवादाचं काम होतं. ते करणाऱ्या ऋषीला ऑफिसने ऐन वेळी सिएटलला पाठवलं, आणि मावशींनी ते ऑर्विलला दिलं. पण घोडं अडलं ते पुढेच. रागावलेला बाप 'मला तुमचा चहा नको' म्हणून निघून जातो, असं नाटकात होतं. नाटक मंडळातल्या पंडितांनी लिहिलेलं, बापाचं कामही तेच करणार, आणि स्वतःच्या नाटकातला स्वल्पविरामही ते कुणाला हलवू देत नसत. बापाने चहा पिऊनच जावं, असं मावशींनी त्यांना सुचवून पाहिलं.

"मावशी, क्लायमॅक्स आहे तो. चहा प्यायल्यावर राग कसला राहतोय?"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मावशी आणखीच चिडल्या. ऑर्विलला सांगितलं तर तो म्हणाला, सवय आहे.

तालमी रिकाम्या कपावर झाल्या. प्रयोगाच्या दिवशी मात्र मावशींनी घरून इंडक्शनची शेगडी नेली आणि विंगेत आलं ठेचून घालून चहा उकळला. वाफाळता कप ट्रेवर ठेवला तेव्हा ऑर्विलने आधी कपाकडे पाहिलं, मग मावशींकडे. मग टाय नीट केला.

भांडण रंगात आलं. ऑर्विल आत गेला आणि पंडितांच्या वाटेत, किंचित वाकून, उभा राहिला. घाई नाही, अगदी आदबीने. पंडित गरजले, "मला तुमचा चहा..."

पुढचा शब्द येईना. पंडितांच्या पोटात सकाळपासून धास्तीने अन्नाचा कण नव्हता, घसा बसलेला, आणि आल्याचा वास थेट नाकात. विंगेत मावशींनी पदर मुठीत धरला. पंडितांनी कप उचलला. एक घोट घेतला. मग दुसरा. मग उभ्या उभ्या सगळा संपवला आणि नाटकात कुठेही नसलेलं वाक्य बोलले, "साखर थोडी कमी आहे."

सभागृह हसून लोळलं. क्लायमॅक्सचं पार वाटोळं झालं, आणि मावशींना आयुष्यात इतका आनंद क्वचित झाला होता.

ऑर्विल तसाच ताठ विंगेत आला. त्याने कप उचलून मावशींसमोर उलटा धरला. थेंबही पडला नाही.

"सगळा प्यायला," तो म्हणाला. मावशींनी ट्रे त्याच्या हातातून घेतला, त्याला खुर्चीत बसवलं आणि पातेल्यात उरलेला चहा त्याच्यासाठी ओतला.