कपाटातली हवा

गेलेल्या बायकोच्या, सुनेत्राच्या कपाटाला कुणी हात लावू नये, म्हणून महेशनं त्यात मशिनं ठेवली. हॉलमधला राउटर, स्विच आणि फाइली साठवायची दोन डिस्कांची पेटी त्यानं साड्यांखालच्या खणात मांडली, मागून वायरपुरतं भोक पाडलं आणि दार लावून टाकलं. तेराव्याला त्याची बहीण कल्पना साड्या वाटायला काढू लागली, तेव्हा तो म्हणाला, "आत मशिनं चालू आहेत. धूळ शिरेल. राहू दे."

धुळीचं निमित्त होतं. दार उघडलं की साड्यांतला तिचा वास उडून गेला असता.

पेटीत सुनेत्राचा आवाज होता. शेवटच्या आजारात तिनं मुलीसाठी, अदितीसाठी, पुष्कळ काही बोलून ठेवलं होतं. "जरा मोठी झाली की ऐकव," म्हणाली होती. फोन भरला तेव्हा महेशनंच ते सगळं पेटीत हलवलं. एक डिस्क गेली तरी दुसरी आहेच, असं तो धरून चालला. स्वतः ऐकायचा धीर त्याला झाला नव्हता.

वास्तविक अशी मशिनं बसवणं हेच त्याच्या पोटापाण्याचं काम. तमिळ मुलुखात, गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यांत जाऊन तो लोकांना खडसावायचा, "मशीन कोंडू नका. पुढून गार हवा आत, मागून गरम बाहेर. नाहीतर उन्हाळ्यात रडाल."

मे महिन्यात कत्तिरीचं, तिकडचं वर्षातलं सगळ्यात कडक ऊन लागलं. कारखान्यात असतानाच फोनवर इशारा आला, पेटी तापली आहे. शेजारच्या कनका मामींकडे घराची किल्ली होती. सुट्टीत अदिती त्यांच्याकडेच असायची. एक फोन केला असता, तर मामींनी कपाटाचं दार उघडलं असतं. पण दिवसभर दार उघडं? त्यानं फोन खिशात टाकला. संध्याकाळी बघू.

संध्याकाळी मामी आणि अदिती दारातच भेटल्या. "महेशा, कपाटात उंदीर शिरला काय रे? हिचे कपडे घ्यायला आत गेले, तर नुसती टकटक. उघडणार होते, पण तूच नको म्हटलेलंस."

दोघी त्याच्यामागून आत आल्या. उंदीर नव्हता. दार उघडताच तोंडावर झळ आली आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास. एक डिस्क मुकी झाली होती, दुसरी टकटकत होती. त्यानं पेटी बंद केली, साड्या पलंगावर ओतल्या, पेटी टेबलावर पंख्याखाली ठेवली. पूर्ण गार झाल्यावर लॅपटॉप जोडून पुन्हा चालू केली. आता ती फार वेळ टिकणार नाही, हे त्याला कळत होतं. कॉपी सुरू होईना, म्हणून सापडली ती पहिली फाइल त्यानं लावली.

"अदू, हे ऐकशील तेव्हा तुझे केस केवढे झाले असतील गं? वेणी कोण घालतं? बाबांना शिकव. आधी भांग नीट पाडायचा, आणि मग—"

टकटक वाढली. मग तीही थांबली.

"पुढे काय म्हणाली आई?" अदितीनं विचारलं.

"माहीत नाही."

"तुम्ही ऐकलं नव्हतं?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

मामींनी पलंगावरची एक साडी उचलून नाकाशी धरली. "जळका वास बसलाय रे हिला. धुवायला हव्यात सगळ्या."

महेशनं पलंगावरच्या उरलेल्या साड्या गोळा करून मामींपुढे ठेवल्या.

"धुवा," तो म्हणाला. "आणि कल्पनाला बोलावतो मी. घेऊन जाऊ दे."