लेबल नसलेल्या बाटल्या

माझ्या भावावर ऐंशी सामन्यांची बंदी आली, तेव्हा पहिल्या आठवड्यातच तिची तीन कारणं तयार झाली होती.

एउदी माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. अमेरिकेतल्या एका बेसबॉल संघात तो पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, आहे. फेब्रुवारीत फ्लोरिडाच्या सराव शिबिरात त्याच्या लघवीचा नमुना घेतला गेला आणि त्यात घोड्यांना टोचतात ते एक स्टेरॉइड सापडलं. बातमी फुटली त्या सकाळी गाडीत बसता बसता त्यानं एका पत्रकाराला सांगून टाकलं, की खांद्याला लावायच्या मलमातून ते गेलं असणार. संध्याकाळी त्याच्या एजंटनं औषध टोचलेल्या गुरांच्या मांसाचं नाव घेतलं. वकील नेमले गेले ते तिसऱ्या दिवशी. त्यांनी मलम तपासून घेतलं. त्यात कापूर होता, बाकी काही नव्हतं.

तिसरं कारण आईनं शोधलं.

मी सांतो दोमिंगोच्या विद्यापीठात रासायनिक विश्लेषण शिकवते आणि शनिवारी बसनं बानीला घरी जाते. त्या शनिवारी आई उकडलेली हिरवी केळी कुस्करत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "तीन राजांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला व्हिटॅमिनचं इंजेक्शन दिलं होतं."

"कोणतं व्हिटॅमिन?"

"फ्रिजच्या दारातलं. तांबडं."

फ्रिजच्या दारात तांबडं व्हिटॅमिन आमच्या गल्लीत सगळ्यांकडेच असतं. थकवा आला, परीक्षा आली, प्रवास आला की आई कमरेत सुई मारते. पण आमच्या त्याच दारात बाबांच्या झुंजीच्या कोंबड्यांचं औषधही असतं, आणि तेही तांबडंच. बाबा बाटली घरी आणली की आधी गरम पाण्यात बुडवून तिचं लेबल सोलून काढतात. बानीतला प्रत्येक कोंबडेवाला हेच करतो. आपल्या कोंबड्याच्या अंगात काय आहे ते दुसऱ्याला कळता कामा नये. लेबल नाही ती माणसांची नाही, एवढी खूण आईला वर्षानुवर्षं पुरत आली होती. यंदा मात्र माणसांच्या बाटलीचं लेबलही ओलाव्यानं गळून पडलं होतं, असं ती म्हणाली.

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. "माझे कोंबडे मका खातात आणि उकडलेलं अंडं," ते म्हणाले. "टोचायचंच झालं तर व्हिटॅमिन. त्यापलीकडे काही नाही."

"मग ही बाटली मी तपासायला नेते."

"ने की. पोरगी एवढी शिकली, बाटलीलाही बसू दे परीक्षेला."

बाटली परीक्षेत सापडली. मी नमुना तीनदा चालवला आणि तिन्ही वेळा तेच स्टेरॉइड आलं, तेलात मुरवलेलं, वरून तांबडा रंग घातलेलं. मी आईला फोन करून सांगितलं, की ते तेलकट आहे. ती लगेच म्हणाली, "हो ना, त्या दिवशी सुईतून उतरायला जड जात होतं." हे तिनं आधी सांगितलं नव्हतं. तिला आत्ता आठवलं, की मी तेल म्हटल्यामुळे आठवलं, ते मला ठरवता येईना.

मग मी एउदीला विचारलं. अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्याला खेळायची मुभा होती. तो हॉटेलच्या खोलीतून बोलत होता.

"आईनं खरंच इंजेक्शन दिलं होतं का?"

"दिलं असेल."

"असेल म्हणजे काय?"

"अगं, ती दरवर्षी देते. निघताना बॅगेत सलामीचं सॉसेज आणि कमरेत सुई. यंदाचं वेगळं कसं आठवणार?"

"आणि मलमाचं काय होतं मग?"

"माइक तोंडासमोर आला की माणूस काहीतरी बोलतो, नुरिस. तू कधी उभी राहिली नाहीस तिथे."

मी आकडे मांडून पाहिले. त्याच्या लघवीतलं प्रमाण फार कमी होतं. जानेवारीत चुकून टोचलेल्या एका छोट्या मात्रेला ते जुळत होतं, आणि शरद ऋतूत मुद्दाम घेतलेल्या मोठ्या मात्रेच्या उरलेल्या शेपटालाही जुळत होतं. आलेखावर दोन्ही रेषा एकाच बिंदूतून जात होत्या.

कोंबड्यांच्या बाटलीची हकीकत सांगणारा वकिलांचा अपिलाचा अर्ज गुप्त असायला हवा होता. दोन दिवसांत तो रेडिओवर पोचला. दुपारच्या खेळाच्या कार्यक्रमात निवेदक तितो मार्मोलेहोस आधी मनसोक्त आरवला आणि मग म्हणाला, "मित्रांनो, आता एउदी पेगेरोला चेंडू देऊ नका, मक्याचे दाणे टाका. आणि माझी सासू रोज कोंबडीचं सूप पिते, तिलाही संघात घ्या, बाई ताशी शंभर मैलांनी भांडी फेकते." बसमधले लोक हसले. ड्रायव्हरनं आवाज वाढवला. मी पुढच्या थांब्यावर उतरायला हवं होतं, पण बसून राहिले, कारण तितो पुढे काय म्हणतो ते मला ऐकायचं होतं. तो म्हणाला, की कोंबड्याची गोष्ट खोटी आहे हे सगळ्या बानीला माहीत आहे, कारण बिएनवेनिदो पेगेरो आपल्या कोंबड्यांना कधीच काही टोचत नाही, आखाड्यातला तो सगळ्यात सच्चा माणूस आहे.

ते आमचे बाबा. आखाड्यात पहिल्या रांगेत त्यांच्या नावाची खुर्ची होती. कोंबड्याला स्टेरॉइड दिलेलं सापडलं, तर तिथून माणसाला कायमचं काढतात.

सुनावणीसाठी मी बाटलीच्या तपासणीचं निवेदन लिहिलं आणि त्यातली एक गोष्ट एउदीच्या वकीलबाईंना दाखवली. त्या न्यूयॉर्कच्या, नाव कार्ला व्हिटकम, स्पॅनिश उत्तम. बाटलीच्या ॲल्युमिनियमच्या टोपणावर उत्पादनाची तारीख ठसवलेली होती: वीस जानेवारी. आईनं सुई मारली ती सणाच्या दुसऱ्या दिवशी, सात जानेवारीला.

"म्हणजे ही ती बाटली नव्हे," त्या म्हणाल्या.

"नाही. तशीच आधीची एखादी असू शकते."

"टोपणाबद्दल तुम्हाला कुणी विचारलेलं नाही, डॉक्टर."

"नमुन्यावर जे जे लिहिलंय ते सगळं मी नोंदवते."

"तुमचा भाऊ आहे तो."

"माहीत आहे."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मग मला आधीची बाटली हवी. सुनावणी पुढच्या गुरुवारी आहे."

एप्रिलमधल्या त्या रविवारी सकाळी मी बाबांना हे जसंच्या तसं सांगितलं. ते आंब्याखाली पिंजऱ्यांना पाणी घालत होते. त्यांनी आधी सगळ्या पिंजऱ्यांतली भांडी भरली.

"ती बाटली नसली तर काय होईल?"

"ऐंशी सामने. आणि तितो."

"आणि असली तर?"

"तर तुम्हाला सुनावणीत सांगावं लागेल, बाबा, की कोंबड्यांना तुम्ही ते देता."

"तू काय मानतेस? त्यानं मुद्दाम घेतलं?"

"मला माहीत नाही."

"मोठी शास्त्रज्ञ ना तू."

"म्हणूनच माहीत नाही."

ते आत गेले. कॉफी पिऊन दुपारी फावडं घेऊन आले आणि खुराड्यांमागे खणायला लागले. रिकाम्या बाटल्या ते कचऱ्यात टाकत नाहीत, तिथे पुरतात, कारण कचरा चाळणारेही कोंबडे लढवतात. मी हातमोजे घालून बाटल्या पिशव्यांत भरल्या. अकरा निघाल्या. नंतर प्रयोगशाळेत पाचांमध्ये नुसतं व्हिटॅमिन निघालं, सहांमध्ये स्टेरॉइड. त्या सहांपैकी एकीच्या टोपणावर गेल्या ऑक्टोबरची तारीख होती. खणणं चालू असताना आई कट्ट्यावर उभी राहून एकेक बाटली मोजत होती. शेवटी ती एवढंच म्हणाली, "बिएनवेनिदो, अकरा?" बाबांनी फावडं धुवायला घेतलं.

गुरुवारी आम्ही सांतो दोमिंगोतल्या वकिलांच्या कचेरीत पडद्यासमोर बसलो. दुसऱ्या टोकाला लवाद, लीगचे वकील आणि एउदी. एउदीनं टाय बांधला होता आणि तो सारखा आमच्या चौकोनाकडे बघत होता. आईनं सुईचं सांगितलं. या वेळी जडपणाही सांगितला. बाबा उभे राहिले. बसून बोला म्हटलं तरी बसले नाहीत. "सहा वर्षं देतोय," ते म्हणाले. "ऑक्टोबरची बाटली सणाच्या वेळी फ्रिजमध्ये होती. संपल्यावर मी पुरली."

मग माझी पाळी. लीगच्या वकिलानं विचारलं, "प्रमाण जानेवारीच्या चुकीला जुळतं का?"

"जुळतं."

"मुद्दाम घेतलेल्या मात्रेला?"

"त्यालाही जुळतं."

"मग यातलं खरं कोणतं?"

"मोजमापावरून ते सांगता येत नाही."

कार्लाबाई खाली कागदांकडे बघत होत्या. एउदीनं टाय सैल केला.

निकाल मे महिन्यात आला. निष्काळजीपणा होता, हेतू नव्हता, चाळीस सामने. त्या दुपारी तितो पुन्हा आरवला, पण या वेळी बाबांच्या नावानं. आखाड्यातल्या खुर्चीवरचं नाव त्याआधीच खरवडून काढलं गेलं होतं. एउदीनं फोन केला, आईशी बोलला, बाबांशी बराच वेळ बोलला, मग मला म्हणाला, "अर्धं सुटलं, नुरी. आता तेच खरं धर की."

पण एक गोष्ट माझ्या तक्त्यात आहे आणि तिच्याबद्दल कुणीच विचारलं नाही. पुरलेल्या दहा बाटल्यांची टोपणं पांढरी पडून खडबडीत झाली होती. कोंबड्यांच्या विष्ठेतला अमोनिया ॲल्युमिनियमला तेच करतो. ऑक्टोबरच्या बाटलीच्या रकान्यात मी लिहिलं होतं: टोपण स्वच्छ. आणि त्याच्या पुढे: आत एक तृतीयांश द्रव शिल्लक. बाबा बाटली उलटी टांगून शेवटचा थेंब काढणारे. संपली म्हणून पुरलेल्या बाटलीत औषध कसं, आणि तीन-चार महिने त्या मातीत राहून टोपण चकचकीत कसं? रविवारी सकाळी मी त्यांच्याशी बोलले आणि दुपारी त्यांनी खणलं. मधल्या वेळात मी चर्चमध्ये आईबरोबर होते. पशुवैद्याच्या दुकानात जुन्या तारखेची बाटली मिळते. रविवारी दुकान अर्धा दिवस उघडं असतं.

गेल्या शनिवारी मी त्यांना विचारलं. पिंजरे रिकामे होते. कोंबडे त्यांनी आसुआच्या चुलतभावाला देऊन टाकले होते.

"ती बाटली कधी पुरली होती, बाबा?"

"बाकीच्यांबरोबर."

"तिचं टोपण चांगलं राहिलं."

"त्या कोपऱ्यात मी चुलीची राख टाकतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "राखेनं राहत नाही का चांगलं?"

"आणि उरलेलं औषध?"

"तेवढ्यात एउदीचं कळलं. भीती वाटली, टाकली पुरून." सुनावणीत ते संपल्यावर पुरली म्हणाले होते. मी ते बोलून दाखवलं नाही.

कोरडी राख ॲल्युमिनियमला काही करत नाही. ओली राख त्याला अमोनियासारखीच खाते, म्हणजे पाऊस झाला असेल तर ते टोपण चकचकीत राहिलं नसतं. जानेवारी ते एप्रिल बानीत किती पाऊस पडला त्याचे आकडे हवामान खात्याकडे आहेत, आणि मागितले तर ते एका दिवसात पाठवतात. मी पत्र लिहून ठेवलं आहे. अजून पाठवलेलं नाही.