ओढलं की वर

मित्रांनो, आता नुसतं ऐका. मधे बोललात तर माझं निम्मं सांगायचं राहून जाईल.

मी एक जुना सर्व्हो आहे. म्हणजे काडेपेटीच्या निम्म्या आकाराची निळी डबी. पोटात इवलीशी मोटर आणि दातेरी चाकं, डोक्यावर तराजूसारखा दोन्हीकडे पसरलेला पांढरा हात. माणूस लांबून रिमोटची दांडी ओढतो, मी हात फिरवतो, हाताला अडकवलेली तार विमानाच्या शेपटीची पट्टी हलवते. पट्टी वर तर विमान वर, पट्टी खाली तर विमान खाली. सांगितलं तेवढं करायचं, का म्हणून विचारायचं नाही.

मला आणलं दाजींनी. ते वॉशिंग मशीनच्या दुकानात कामाला. खोक्यांतलं थर्माकोल घरी आणायचे आणि त्यातून विमान कापायचे. ताई, म्हणजे त्यांची बायको, गरम तारेनं पंख कापून द्यायची, असे गुळगुळीत की बघत राहावं. वर बडबडही करायची, "भाजीत थर्माकोल, उशीत थर्माकोल. तुमच्या विमानाच्या आधी मीच उडून जाईन एक दिवस."

दोन विमानं माझ्या जिवावर उडली. दाजी मला पुसून ठेवायचे आणि म्हणायचे, "हा गडी कधी दगा देत नाही."

मग ताईचा धाकटा भाऊ राहायला आला. नोकरी सुटलेली, हातात एक बॅग. सगळं घाईघाईत करायचा म्हणून सगळे त्याला झटपट म्हणायचे.

"दाजी, तुमचं विमान उडतं कमी, पडतं जास्त."

"तुझ्या नोकरीपेक्षा जास्त टिकतं ना? मग गप."

हसायचा तो, पण त्याला ते लागायचं. मला दिसायचं. मी टेबलावरच असायचो ना.

तिसऱ्या विमानात दाजींनी मला पोटात चिकटवलं, सायकलच्या स्पोकची तार माझ्या हाताच्या उजव्या टोकाला अडकवली आणि दांडी ओढून पाहिली. "ओढलं की वर. पक्कं." मग ते दुकानात गेले.

तार थर्माकोलला जराशी घासत होती. झटपटनं ते ऐकलं. त्याला वाटलं, आपणच दुरुस्त करून दाजींना चकित करू. तार उजवीकडून काढली, डावीकडे अडकवली. घासणं थांबलं. दांडी ओढली, पट्टी सुळकन हलली. "लोण्यासारखं," तो स्वतःशीच म्हणाला.

पट्टी हलली, मित्रांनो. पण खाली हलली. तराजूचं एक पारडं वर गेलं की दुसरं खाली जाणारच. त्यानं फक्त हलते का, ते पाहिलं.

माळरानावर वारा सुटला होता. दाजींनी विचारलं, "सगळं बघितलंस ना?"

"हलतंय दाजी, एकदम मस्त. चला."

दाजींनीही लांबूनच दांडी ओढून बघितली. ऊन डोळ्यांवर येत होतं. पट्टी हललेली दिसली. "हं," म्हणाले.

ताई समोर लांबवर फोन धरून गुडघ्यांवर बसली. "माझ्या डोक्यावरून न्या हं, व्हिडिओ छान येईल."

झटपट पळत आला, विमान फेकलं. नाकावरचा पंखा पूर्ण जोरात. विमान ताईपाशी पोचत आलं तशी दाजींनी वर नेण्यासाठी दांडी ओढली. मी हात फिरवला, नाक खाली गेलं. ते घाबरले, अजून ओढली. मी अजून फिरवला. शेवटपर्यंत ओढली. मी शेवटपर्यंत फिरवला. समोर ताई दिसत होती मला, आणि मी फिरवतच होतो.

पंखा तिच्या डाव्या डोळ्यात गेला.

डोळा वाचला नाही.

ती दवाखान्यात असताना झटपटनं मोडकं विमान टेबलावर ठेवलं. तार डावीकडेच होती. त्यानं ती पाहिली. दाजींनी ती उजवीकडे लावून "ओढलं की वर" म्हटलं होतं, ते त्याला तेव्हा आठवलं. मग हळूच तार काढली आणि परत उजवीकडे अडकवली. अजिबात घाई न करता. पहिल्यांदाच.

ताई घरी आली. डोळ्यावर पट्टी. दाजी तिला पाणी द्यायला उभे होते. तिनं भावाला विचारलं, "तू तर तिथेच होतास ना रे. नक्की झालं काय?"

झटपटनं दाजींकडे पाहिलं नाही. "दाजींचा अंगठा घसरला असेल, ताई. वारा पण होता ना."

दाजींनी हातातला पेला खाली ठेवला आणि आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग मान हलवली. "असेल," म्हणाले. "माझाच."

त्यानंतर ते गाडीही चालवत नाहीत. माझा हातच धड नाही, म्हणतात.

मित्रांनो, काहीही जोडलंत तर हलतंय का एवढ्यावर थांबू नका, कुठे हलतंय ते बघा. माझं म्हणणं एवढंच. त्या घरात बोलायला मला तोंड नाही. झटपटला आहे. तो अजून त्याच घरात राहतो, ताईच्या हातचं जेवतो, आणि ती कधीकधी पुन्हा विचारते, "खरंच अंगठाच घसरला होता का रे?"

तुम्ही त्याच्या जागी असता, तर काय सांगितलं असतं?