मूळ पट्टीत

आमच्या भोंग्याचा आवाज गेलाय हे बँडमधल्या आम्हा चौघांनाही कळलं होतं आणि चौघांनीही तोंडाला कुलूप लावलं होतं. तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर मी साफ नाही म्हटलं असतं, वर भांडलो असतो.

भोंगा म्हणजे आमचा गायक आणि माझा मेहुणा. आधी मित्र, मग मेहुणा. माझी धाकटी बहीण त्याच्या आवाजावर भाळली आणि मला न विचारता लग्न करून मोकळी झाली. एकतीस वर्षं आम्ही जुनं रॉक वाजवतोय. मी बेस गिटार वाजवतो आणि पोटासाठी चष्मे विकतो. गिटारवर सुतार. त्याच्याच कारखान्यात दर गुरुवारी प्रॅक्टिस होते आणि घरी जाताना प्रत्येकाच्या केसांत भुसा असतो. कीबोर्डवर डॉक्टरीणबाई, त्या जनावरांच्या डॉक्टर. माणसांपेक्षा मांजरं बरी, असं त्या आम्हाला तोंडावर सांगतात. ड्रमवर बेकरीवाला. बिचारा कुठेही बसला की पेंगतो, पण ताल म्हणून सोडत नाही.

बँडचा कायदा एकच आणि तो भोंग्यानेच केलेला. गाणं मूळ पट्टीतच गायचं. पट्टी खाली आणून गाणाऱ्यांची तो भर कार्यक्रमात टर उडवायचा. मला जमेनासं झालं की माईक ठेवून घरी जाईन, हे त्याचं ठरलेलं वाक्य. आवाज भरात होता तोवर आम्हीही त्याला हसून दाद द्यायचो, आमचं काय जात होतं!

गेल्या वर्षी त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, आमचा जीव भांड्यात पडला. पण आवाज परत आला तो अर्धाच. वरच्या सुराला गेला की फाटायचा. मग तो खोकायचा, पाणी प्यायचा, भुशाच्या नावाने खडे फोडायचा आणि आम्ही माना डोलवायचो. बहीण जाऊन तीन वर्षं झाली होती, घरात तो एकटाच. लांब राहणाऱ्या भाचीने मला फोन केला. "मामा, काहीही कर, पण बाबांना गात ठेव. गाणं सुटलं तर ते नुसते खुर्चीत बसून राहतील रे." मी बरं म्हटलं आणि दिवसभर गिऱ्हाइकांना भलत्याच नंबरचे चष्मे दाखवत बसलो.

वाचनालयाच्या अंगणात शनिवारी चार वाजता कार्यक्रम होता. गुरुवारी प्रॅक्टिसला पहिल्याच गाण्यात त्याचा आवाज तीनदा फाटला. त्याने कोणाकडे बघितलं नाही. शनिवारी जमलं तर ठीक, नाहीतर तुम्ही दुसरं कोणीतरी बघा, एवढं बोलून तो चालता झाला.

शुक्रवारी मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून बेसच्या चारही तारा सैल केल्या. गिटारच्या दांड्यावर घरं असतात, पट्टी त्या घरांच्या मापाने खाली येते. दोन घरं खाली आलो की वरचा सूर त्याला पेलेल, असा माझा अंदाज. बाकीच्यांनाही तेवढंच खाली यायला सांगायला हवं होतं. चार वेळा फोन उचलला आणि चार वेळा ठेवला. भोंग्याचा आवाज गेला, हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा निघावं हे मला सहन होईना. म्हटलं, उद्या कार्यक्रमाआधी हळूच कानात सांगू.

शनिवारी भोंगा सगळ्यांच्या आधी हजर. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. आमच्यातून क्षणभर हलेल तर शपथ. मी सुताराला बाजूला घेतलं की हा वायरचं भेंडोळं घेऊन मागोमाग. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून डोळे बारीक करत होत्या. मी पडलो चष्मेवाला, मला वाटलं बाईंचा नंबर वाढलाय. त्यातून कार्यक्रमाआधी पाव तास कोणी अवाक्षर बोलायचं नाही ही आमची जुनी पद्धत. ती मोडायची कशी? तसेच मुकाट्याने स्टेजवर चढलो.

बेकरीवाल्याने काड्या वाजवून चार मोजले आणि आम्ही सुरू केलं.

अरे देवा! माझा बेस एकीकडे, गिटार दुसरीकडे, कीबोर्ड तिसरीकडेच. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं. आम्ही सगळे एकदम थांबलो.

भोंग्याने माईकवर हात ठेवला आणि आमच्याकडे वळला. त्याचा कान शाबूत होता, त्याला सगळं कळलं.

"किती?" त्याने सुताराला विचारलं.

सुतार बुटांकडे बघत म्हणाला, "एक घर."

"तू?"

"दोन," मी म्हणालो.

बाईंनी तीन बोटं दाखवली. त्यांच्या कीबोर्डला त्यासाठी बटणच आहे. बेकरीवाल्याला कोणी विचारलं नव्हतं, तरी त्यानेही कबूल करून टाकलं. ड्रमला पट्टी नसते, म्हणून त्याने गाणंच जरा हळू धरायचं ठरवलं होतं, भोंग्याला दम मिळावा म्हणून.

आता हा माईक ठेवणार आणि भाचीला काय तोंड दाखवू, एवढंच मनात. पण तो तिथेच उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

"मी घरी चार घरं खाली गातोय," तो म्हणाला. "दोन महिने झाले. तुम्हाला सांगायची लाज वाटली. लोकांना इतकं हसलोय मी. वाटलं, तुम्हाला कळलं की तुम्ही दुसरा गायक आणाल."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "गाढवा, दुसरा आणायचा असता तर आम्ही तुझ्यासाठी चोरून तारा कशाला सैल केल्या असत्या?"

बाईंनी नाक ओढलं आणि बटण आणखी एकदा दाबलं. सुतार आणि मी तारा उतरवायला लागलो. लोक चुळबुळ करत होते, त्यांना वाटलं वायरचा काहीतरी घोळ आहे. तसं सांगून वेळ मारून नेता आली असती. भोंग्याने माईकवरचा हात काढला.

"माफ करा," तो लोकांना म्हणाला. "माझा आवाज उतरलाय, म्हणून ही मंडळी गाणं खाली घेतायत. जरा वेळ लागेल."

लोक थांबले. बेकरीवाल्याने पुन्हा चार मोजले आणि भोंगा गायला लागला. माझ्या तारा इतक्या सैल झाल्या होत्या की बोटाखाली लोंबत होत्या. त्याचा आवाज खरखरीत होता, थोडा दमलेलाही, पण वरच्या जागेला आला आणि फाटला नाही. मला रडू फुटलं, समोरचं दिसेना, आणि मी चक्क दोन सूर चुकलो. भोंग्याने वळून माझ्याकडे बघितलं आणि गाता गाता हसला.