काळुरामची सही

काळुराम धाटावच्या एका रसायन कंपनीत इलेक्ट्रिशियन होता. मूळचा धरमतरकडच्या मिठागरातला. बायको गेल्यापासून रोह्यात एका खोलीत एकटाच राहायचा. कंपनीच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरची दरवर्षीची तपासणी त्याच्याकडे असे. त्र्याण्णव साली मालाच्या घाईत ती सात महिने लांबली. शेवटी एका रविवारी सकाळी चार तास लाइट बंद ठेवायची परवानगी मिळाली.

आतल्या तारांचं इन्सुलेशन मोजायला मेगर लावला, तर रीडिंग मागच्या खेपेच्या पावही नव्हतं. ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलाचा नमुना तपासणी यंत्रात घालून त्याने व्होल्टेज चढवलं. तेलाने निदान चाळीस हजार व्होल्ट सोसायला हवे होते. अठरा हजारांनाच ठिणगी पडली. दुसरा नमुना घेतला. तेच. आत पाणी शिरलं होतं.

मॅनेजर दामोदर वैद्य आले. "काल चालत होता ना? मग दिवाळीपर्यंत चालू दे."

"साहेब, भिंतीपलीकडं बाया जेवायला बसतात. ह्यो फुटला तर पेटतं तेल त्यांच्या अंगावर जाईल."

"उगाच घाबरवू नकोस."

"रीडिंग लिवलंय. चालू करायच्या कागदावर मी सही करनार नाय."

सहीशिवाय चालू करायला वैद्यही धजावले नाहीत. कंपनी नऊ दिवस बंद राहिली. मोठी ऑर्डर हातची गेली.

दुरुस्तीवाल्यांनी ट्रान्सफॉर्मर उघडला तेव्हा तळाला पाणी होतं आणि आतल्या तारांवर गुंडाळलेला कागद एका जागी जळून काळा पडला होता. वैद्य बराच वेळ वाकून बघत राहिले. "बरं झालं," एवढंच म्हणाले आणि गेले. कामगारांना कुणी काही सांगितलं नाही. त्यांच्या लेखी काळुरामने कंपनी बंद पाडली होती. शिफ्टच्या बसमध्ये त्याच्या शेजारी कुणी बसेना. कॅन्टीनमध्ये तो आला की बोलणी थांबत. तो पटकन जेवून उठे.

त्यानंतरच्या एका रविवारी तो गाडीने पेणला बहिणीकडे, काशीबाईकडे गेला. जेवताना त्याने सगळं सांगितलं. पाणी, काळा कागद, भिंतीपलीकडच्या बाया. काशीबाई लक्ष देऊन ऐकत होती.

"मंग काय झाला?" तिने विचारलं.

"कायच नाय झाला."

ती अजून काही ऐकायची वाट बघत थांबली. मग तिने त्याच्या ताटात भात वाढला. काळुराम मान खाली घालून जेवत राहिला.

पुढच्या वर्षी तपासणीची तारीख त्याने स्वतःच लिहून नेली. वैद्यांनी ती लगेच मंजूर केली.