तिरफळाचा माग

सांगलीत आल्यावर माझं पहिलं भांडण झालं ते तुरीच्या डाळीशी. पाटणला तीन शिट्ट्यांत लोणी होणारी डाळ इथं पाच शिट्ट्या झाल्या तरी दाणा धरून बसे. मुलगा, वीरधवल, म्हणाला, "आई, इथं बोअरचं पाणी आहे. जड असतं." मग मी सकाळी उठल्या उठल्या डाळ भिजत घालायला लागले, आणि आमचं जमलं.

मालक गेल्यावर सहा वर्षं मी पाटणच्या घरात एकटीच होते. गेल्या दिवाळीत मोरीत पाय घसरून पडले, त्यानंतर वीरधवलनं माझं काही ऐकलं नाही. तो आणि सून संयोगिता दहाला कामावर गेली की स्वयंपाकघर माझं. पस्तीस वर्षं शाळेत पोरांना शिकवल्यामुळे रिकामं बसायची सवय नाही. रोज पिशवी घेऊन मंडईत जायचं आणि ओळखीचं नसेल ते विचारायचं, असा मी नेम धरला. अर्ध्या बायका आपसात कानडीत बोलायच्या. आमच्याकडची अंबाडी इथं पुंडी होऊन बसली होती. एकीनं मला ती कण्या घालून कशी शिजवायची ते सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी "जमली का हो आजी?" म्हणून लांबूनच विचारलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की इथं आपलं निभेल.

समोरच्या फ्लॅटमध्ये ऋचा राहते. तिचं माहेर वाईचं, त्यामुळे ती मला गाववालीच समजते. मी पुंडीची भाजी दिली, तर ती उलट भरल्या वांग्याची वाटी घेऊन आली. मी उभ्या उभ्याच बोटानं चाटून बघितली, आणि बोट तोंडातच राहिलं.

तिखटाच्या मागून जिभेला हलक्या मुंग्या आल्या. तिरफळ!

आता तिरफळ कोकणातल्या माशाच्या कालवणात असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण कांदा-लसूण चटणीत तिरफळ घालणारी एकच बाई मी आयुष्यात बघितली, ती माझी आई. तिचं माहेर कोयनेच्या खोऱ्यात हेळवाकला. कुंभार्ली घाटाखालून तिरफळं यायची. पाटणात बाकी कुणी ती घालत नव्हतं, उलट नावं ठेवायचे.

"ऋचा, वांग्यात घातलीस ती चटणी कुठली गं?"

"सांगलवाडीच्या एक काकू करतात. त्यांची सून मोबाईलवर ऑर्डर घेते. का हो, तिखट झाली का?"

"नाही. काकूंचं नाव काय?"

"नाव नाही माहीत. पण फार कडक आहेत. मागच्या वेळी मी मिरची कमी घाला म्हटलं, तर म्हणाल्या, मग भाजी साखरेत करा."

माझी खात्रीच पटली. असं बोलणारीही जगात एकच होती. माझी धाकटी बहीण, रंगू.

रंगू सांगलवाडीला दिलेली. मुलगा सांगलीला न्यायचं म्हणाला, तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर हेच, की आता पुलापलीकडं रंगू. आम्ही चौदा वर्षं बोललो नव्हतो. वीरधवलच्या लग्नाची पत्रिका मी तिला पोस्टानं पाठवली, तेवढंच निमित्त. आमच्यात बहिणीच्या घरी अक्षत घेऊन स्वतः जावं लागतं. दारात कुंकू लावून "यायचं" म्हणावं लागतं, तेव्हाच ते आमंत्रण. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण माझे मालक फौजेतले, त्यांचा पोस्टावर देवासारखा विश्वास. "पत्र पोचलं म्हणजे माणूस पोचलं," म्हणाले, आणि घाईत मलाही ते सोयीचं वाटलं. रंगू लग्नाला आली नाही. तिचा निरोप मात्र आला: "पोस्टमनच्या घरचं लग्न असंल तर जाऊन येईन म्हणावं." तो निरोप मला चारचौघांत ऐकावा लागला, म्हणून मीही फुगून बसले. पुढं आईच्या दहाव्याला आम्ही एका सतरंजीवर बसलो, आणि एकमेकींकडं न बघता उठलो.

दोन महिने मी रोज जाऊ म्हणायचे आणि मंडईतून परत यायचे. दारातूनच तिनं परतवून लावलं तर? या वयात बहिणीच्या दारातून परतणं मला झेपलं नसतं. पण त्या वांग्यानं मला गप्प बसू दिलं नाही. रंगूला तिरफळं कोण आणून देतं? आईनं प्रमाण तिला सांगितलं होतं की काय? मला तर कधीच सांगितलं नाही!

"ऋचा, मला पण किलोभर हवी. उद्या नेशील?"

ऋचाच्या स्कूटरवर मागं बसून मी आयर्विन पूल ओलांडला. खाली कृष्णा संथ होती, आणि मी एका हातानं पदर, दुसऱ्या हातानं ऋचाचा खांदा घट्ट धरला होता. चटणीवाल्या काकू माझ्या कोण लागतात, ते तिला सांगितलं नव्हतं.

रंगूच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली जुन्या लुगड्यावर मिरच्या वाळत होत्या. ती पाठमोरी बसून कांद्याचे काप परतत होती. वळली, आणि मला बघितलं. तिनं ओळखलं, हे मला तिच्या हातातल्या उलथन्यावरून कळलं, ते थांबलं. मग पुन्हा चालू झालं.

"बसा," ती दोघींना मिळून म्हणाली. "अंकिता, पावण्यास्नी पाणी आण."

तिची सून अंकिता तांब्याभांडं आणि बशीत गूळ घेऊन आली. ती चार वर्षांपूर्वी या घरात आलेली, तिनं मला कधी बघितलंच नव्हतं. मी गुळाचा खडा उचलला आणि परत बशीत ठेवला. गूळपाणी परक्याला देतात.

ऋचानं आपली ऑर्डर सांगितली. मग रंगू माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमाला किती किलो?"

"एक."

"तिखट का मध्यम?"

"आई करायची तशी."

उलथनं पुन्हा थांबलं. "तसली हितं मिळत न्हाई."

मी उठून जाणारच होते. पण तोंडातून भलतंच निघून गेलं. "म्हंजे तुला जमत न्हाई."

"काय?" रंगू अख्खी वळली. "मला जमत न्हाई? निम्मी सांगली माझी चटणी खाती!"

"खाऊ दे की. तिरफळाच्या बिया राहिल्यात त्यात. काळी बी दाताखाली कचकच करती. आई एक बी ठेवायची न्हाई."

"आईचं कौतुक मला नगं सांगू! आई निवडायला बसायची तवा तिच्याजवळ दोन पोरी असायच्या. माझ्याजवळ कोण हाय? एक हुती, ती पोस्टाच्या नादाला लागली."

ऋचा एकदा माझ्याकडं, एकदा रंगूकडं बघत होती. अंकिताच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"चुकलं माझं, रंगू," मी म्हणाले. "मी सोता याला पायजे हुतं."

"चौदा वर्सं लागली व्हय गं हे पोचायला? तिकीट कमी लावलं हुतंस का?"

ऋचाला हसू आवरलं नाही, आणि रंगूनं तिच्याकडं डोळे वटारले. कांदा करपल्याचा वास आला. रंगूनं शिवी देत कढई खाली उतरवली, आणि पाठ करूनच बराच वेळ ढवळत राहिली.

मग मी मनात होतं तेच विचारलं. "तिरफळ किती घालतीस?"

"मूठभर. आई तसंच म्हणायची."

"कुणाची मूठ?"

रंगूनं मान वळवली. हा प्रश्न तिलाही पडलेला असणार, कारण ती लगेच उठली आणि तिरफळांची बरणी घेऊन माझ्यासमोर बसली. "तू भर बघू."

मी मूठ भरली. तिनं माझा हात उलटून ती सुपात ओतायला लावली, मग आपली भरून शेजारी ओतली. दोन्ही ढीग आम्ही वाकून बघितले. माझा चांगला मोठा होता.

"तुजी नगं," ती म्हणाली. "आईचा हात बारका हुता."

"आईचा हात तुज्यापेक्षा मोठा हुता. मला तिच्या बांगड्या यायच्या."

"तुला येत नव्हत्या. तू साबण लावून घातल्यात्या."

हे खरं होतं. रंगूनं दोन्ही ढीग एकत्र केले, पुन्हा वेगळे केले, आणि मग वैतागून म्हणाली, "आज अदमासानं घालू. दोन घाणे करू, वायलं वायलं. खाऊन बघू." मग तिनं ऋचाकडं बघितलं. "पोरी, तू जा. तुजी चटणी परवा मिळंल. हिला सांजंच्याला अंकिता सोडंल."

"काकू, तुम्ही ओळखता एकमेकींना?" ऋचानं विचारलं.

"आमी कुटं वळखतोय," रंगू म्हणाली. "मिरच्या निवडायला बाई बगत हुते, ही गावली."

आणि तिनं देठासकट मिरच्यांनी भरलेलं दुसरं सूप माझ्या मांडीवर ठेवलं. गुळाची बशी पायानं बाजूला सारली. मी पहिली मिरची उचलली, देठ मोडला.

"आक्का, मुळापासनं काढ की! पस्तीस वर्सं पोरांस्नी काय शिकीवलंस कुणास ठावं."