आई घरातच आहे

तिसरीतून चौथीत गेलेल्या स्वरूपाचं अक्षर म्हणजे ओल्या भिंतीवर फिरलेल्या मुंग्या, निकालाच्या दिवशी बाईंनी तोंडावरच सांगितलं, "सुट्टीत रोज लिहून घ्या." तिच्या आईच्या, दीपमालाच्या मनाला ते लागलं, कारण तिचं स्वतःचं अक्षर गावच्या शाळेत नावाजलेलं होतं. तिने थेरगावच्या त्या दोन खोल्यांत एक भिंत काळ्या रंगाने रंगवून घेतली. नवरा अंधारातच चाकणला कामाला जाई, तिची कंपनीची बस सकाळी डांगे चौकातून सुटे, आणि पोर दिवसभर आतून कडी लावून एकटी. म्हणून कित्त्याला तिने ओळही कामाची निवडली. दारावर कुणी आलं तर म्हणायचं तेच भिंतीवर गिरवायचं: 'आई घरातच आहे. झोपली आहे.' एक ओळ आणि दोन सोयी; आपल्या या हुशारीवर ती खूश होती.

संध्याकाळी ओळी तपासून ती पाठ थोपटी, "शाब्बास, बाळा. आता पुढची ओळ." नीट लिहिलं की बर्फाचा गोळा ठरलेला. मे उजाडेपर्यंत मात्रा ताठ झाल्या, शिरोरेषा सरळ झाली. भिंतीवरची कोणती ओळ आपली आणि कोणती पोरीची, हे दीपमालालाही चटकन कळेना. तिला भरून आलं.

मग एके दिवशी जिन्यात शेजारच्या सुमनताई म्हणाल्या, "आज सुट्टी व्हती व्हय गं? दुपारभर पोरीला शिकवीत व्हतीस. लई गोड बोलतीस बाई तिच्याशी."

"मी कंपनीत होते, ताई. टीव्ही असंल."

"टीव्ही न्हाई. तुझा आवाज मला कळत न्हाई व्हय?"

दीपमाला हसली खरी, पण घरात शिरताच हसू मावळलं. स्वरूपाच्या दोन घट्ट वेण्या घातलेल्या होत्या. पोरीला अजून स्वतःचा भांगही पाडता येत नसे.

"वेणी कुणी घातली गं?"

"तूच की," स्वरूपा म्हणाली, आणि खडू उचलून पुन्हा गिरवू लागली.

ओलं फडकं घेऊन दीपमालाने सगळी भिंत पुसायला काढली, तशी पोर रडकुंडीला आली. "पुसू नको ना, ती रागावंल."

"कोण?"

स्वरूपाने खडू पाठीमागे लपवला. दीपमालाने काळ्या भिंतीवर नवा कित्ता घातला: 'आई कामाला गेली आहे.' उद्यापासून हाच, असं तिने दोनदा बजावलं. रजा मागितली तर साहेबांनी अर्ध्या दिवसाचीच दिली.

दुसऱ्या दिवशी टळटळीत उन्हात ती धावतच जिना चढली आणि दार वाजवलं. आत छोटी पावलं आली, थांबली.

"स्वरू, मी आहे. आई. कडी काढ."

आत खडू घासल्याचा आवाज आला. मग पोरीचा आवाज, शिकवल्यासारखा स्वच्छ, "आई घरातच आहे. झोपली आहे."

"अगं, मी तुझी आई! दार उघड आधी!" दीपमालाने दोन्ही हातांनी दार बडवलं. शेजारचं दार उघडून सुमनताई बाहेर आल्या, तिच्याकडे आणि बंद दाराकडे पाहून जागच्या जागी थांबल्या.

आतून, अगदी दाराजवळून, दीपमालाचा स्वतःचा आवाज मायेने म्हणाला, "शाब्बास, बाळा. आता पुढची ओळ."